लाल पेन्सिलीच्या ओळी

आमच्या ओटीवर दर रविवारी सकाळी नऊला चर्च भरतं. भरतं म्हणजे काय, सगळी मिळून अकरा माणसं. कारखान्याच्या वसाहतीतलं पाच जणांचं एक कुटुंब, सिव्हिल हॉस्पिटलातल्या दोन सिस्टर, बँकेतले एक साहेब आणि त्यांच्या मिसेस, आणि आम्ही दोघी, मी आणि माझी नणंद. सगळे घाटावरचे, नोकरीपायी या किनाऱ्याला लागलेले आणि मग इथलेच झालेले. या बाजूला लुथरन म्हटलं की लोक औषधाचं नाव ऐकल्यासारखे बघतात. शेजारच्या भातशेतीवाल्या काकू पहिली दहा वर्षं मला विचारायच्या, "बाय, तुमचा सत्संग कवा हाय?" सुरुवातीला मी समजावत बसायची. मग नुसतंच सांगायला लागले, नऊ वाजता.

ओटीच्या भिंतीला लागून एक टेबल आहे, तीच आमची वेदी. त्यावर लाकडी क्रूस, दोन मेणबत्त्या आणि ऋतूप्रमाणे बदलणारं कापड. हा ऋतू हवेचा नव्हे, उपासनेचा. उपवासाच्या दिवसांत जांभळं, पुनरुत्थानाला पांढरं, आणि त्रैक्याच्या रविवारानंतर नाताळच्या तयारीपर्यंत जवळजवळ सहा महिने हिरवं. ते हिरवं कापड नणंदेच्या एका साडीचं आहे. "सहा महिने मलाच बघायचंय तुम्हाला," असं ती दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी स्वतःच हसते.

पाळकसाहेब मुंबईहून येतात, महिन्याच्या पहिल्या रविवारी. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून रिक्षा. पावसाळ्यात लाँच बंद असली की पेणवरून एसटीने, अंग मोडून घेत. ते आले की प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या नावाने भाकर आणि द्राक्षरस घेणं. बाकीच्या रविवारी उपासना मी चालवते. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. त्यामुळे समोर माणसं बसलेली असली की मला आपोआप उभं राहता येतं, आणि ती बोलायला लागली की आपोआप माझे डोळे वटारले जातात.

आधीच्या पाळकसाहेबांनी निवृत्त होताना मला एक वही दिली होती. शंभर पानी, पुठ्ठ्याची. त्यात उपासनेचा सगळा क्रम त्यांनी आपल्या हाताने उतरवून दिलेला. त्यात तीन ठिकाणी लाल पेन्सिलीने ओळी मारल्यात. ते शब्द फक्त दीक्षा झालेल्या पाळकाने म्हणायचे: प्रभुभोजनाचे शब्द, शेवटचा आशीर्वाद, आणि पापांगीकारानंतरची क्षमेची घोषणा. त्या घोषणेच्या जागी त्यांनी समासात लिहून ठेवलं होतं, येथे थोडा वेळ शांत राहावे.

मी शांत राहायची. मनातल्या मनात दहा अंक मोजायची आणि पुढच्या गीताचा नंबर सांगायची. अकरा वर्षांत एकदाही लाल ओळ ओलांडली नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू!

माझी नणंद माझ्या मिस्टरांहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वहिनी, आणि चिडवायचं असलं की मास्तरीण. सरकारी दवाखान्यात ती प्रसूती विभागात परिचारिका होती. लग्न झालं, बारा वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाकडे आली. पुढे तो भाऊही गेला. माझा मुलगा मुंबईला. राहिलो आम्ही दोघी. दोन म्हाताऱ्या एका घरात राहिल्या की काय होतं ते सांगायला नको. मी भात मऊ केला की तिला मोकळा हवा असतो. मी खिडकी उघडली की ती उठून लावते. सकाळी चहाआधी आम्ही पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचतो आणि प्रार्थना करतो, त्यातसुद्धा तिची प्रार्थना लांबली की मी कपात साखर ढवळायला लागते.

एक गोष्ट मात्र मी तिला कधी करू दिली नाही. रविवारचा शास्त्रपाठ वाचायला मी सगळ्यांना पाळीपाळीने देते, तिला नाही. ती अडखळते. जोडाक्षरं आली की थांबते, बोट ठेवते, पुन्हा मागून येते. एकदाच वाचलं होतं तिने, आणि मी तीनदा मध्ये दुरुस्त केलं, सगळ्यांसमोर, तिसरीतल्या पोराला करावं तसं. त्यानंतर तिने मागितलं नाही. मीही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात ती धापा टाकायला लागली. न्हाणीघरापासून ओटीपर्यंत यायचं तर मध्ये दोनदा बसायची. तपासणीत निघालं की हृदयाची एक झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल. मुंबईला, मंगळवारची तारीख मिळाली. मुलगा सोमवारी गाडी घेऊन येणार होता. डॉक्टरांनी वयाचं सांगितलं, धोका सांगितला, कागदावर सही घेतली. वन्संनी सही केली आणि डॉक्टरांनाच विचारलं, "तुम्ही जेवलात का? चेहरा उतरलाय तुमचा." चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला कोण काय घाबरवणार!

घाबरली ती दुसऱ्याच गोष्टीला. तो आठवडा संपला की येणारा रविवार महिन्यातला पहिला होता. पाळकसाहेब येतील, मी प्रभुभोजन घेईन, क्षमेचे शब्द ऐकेन आणि मग खुशाल ऑपरेशनच्या टेबलावर झोपेन, असा तिचा हिशेब. आमच्यात एक जुनी रीत आहे, प्रभुभोजन घ्यायचं असेल त्याने आदल्या दिवसांत आपलं नाव द्यायचं. कोणाशी तंटा असेल तर तो मिटवून यायचं. नाव घ्यायचं काम माझ्याकडे. वन्संनी त्या खेपेला बुधवारीच नाव दिलं. एका घरात राहून, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाली, "माझं नाव लिहून घे हो, वहिनी."

शुक्रवारी दुपारी शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. त्यांचा भाचा रेवसच्या धक्क्यावर कामाला आहे. "बाय, बावटा लागलाय तीन नंबरचा. समुद्र लय खवळलाय. लाँच न्हाय आता सोमवारपर्यंत." मी लगेच पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, रस्त्याने आलो असतो, पण त्यांच्या मंडळीतल्या एका आजोबांचं दफन रविवारी दुपारी ठरलं आहे, एसटीने येऊन वेळेत परत पोचणं शक्य नाही. त्यांना फार वाईट वाटलं. मलाही वाटलं. वन्संना सांगितलं तर त्या खुर्चीत बसून पदराला पीळ घालत राहिल्या.

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग तू म्हण."

"काय म्हणू?"

"क्षमेचं. पाळक नाहीत तर तू म्हण. रविवारी तू आमच्याकडून सगळं कबूल करून घेतेस आणि तसंच सोडून देतेस. कपडे भिजवून ठेवायचे आणि पिळायला महिन्याने माणूस येणार, असलं तुझं काम."

मी म्हटलं, "वन्सं, त्या ओळी लाल आहेत. मला अधिकार नाही."

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली, आणि मला कळलं ती काय सांगणार.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, जास्तच. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी तेव्हा शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर होते. एका मंगळवारी सकाळी वाण्याच्या दुकानावर माझ्या माहेरहून फोन आला, आई अत्यवस्थ आहे, लगेच या. दुकानातला माणूस निरोप घेऊन घरी आला तेव्हा मी विहिरीवर होते. निरोप वन्संनी घेतला. त्या दिवशी दुपारी चारला तिला बघायला पाहुणे येणार होते, आणि घरात स्वयंपाक करणारी मी एकटीच. तिने निरोप पदराला बांधून ठेवला. मी करंज्या तळल्या, पोहे केले, पाहुण्यांना वाढलं. बुधवारी पहाटे चारला तिने मला उठवून, रडत रडत सांगितलं. मी तशीच पिशवी भरून घराबाहेर पडले. मी माहेरी पोचले गुरुवारी दुपारी. आई गुरुवारी पहाटेच गेली होती. बहिणी म्हणाल्या, बुधवारी दिवसभर ती दाराकडे बघत होती.

परत आल्यावर मी सासरी एकच वाक्य बोलले, "मला एक दिवस आधी कळलं असतं तर." वन्संनी मान खाली घातली. ती मान माझ्यासमोर पुन्हा कधी पूर्ण वर आली नाही. या विषयावर आम्ही दोघी चाळीस वर्षं एक शब्द बोललो नाही.

आणि त्या शुक्रवारी ती बोलली. "तुझ्या आईचा निरोप मी ठेवला. माझ्यामुळे तुझी भेट चुकली. मंगळवारी माझं काय व्हायचं ते होवो, पण हे घेऊन मला त्या टेबलावर जायचं नाही. तू म्हण, वहिनी. येशूच्या नावाने म्हण."

मी काय केलं? उठले आणि म्हटलं, "वन्सं, नियम म्हणजे नियम. पाळक येतील तेव्हा बघू." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. आत जाऊन गॅस पेटवला आणि पातेलं ठेवायचंच विसरले.

शनिवारी सकाळी रविवारचं मनन लिहायला बसले. नेमून दिलेला उतारा होता त्या पक्षाघाती माणसाचा. चौघे मित्र त्याला बाजेवर घालून आणतात, दारात ही गर्दी, म्हणून छपरावर चढून वरचं काढतात आणि त्याला प्रभू येशूच्या पुढ्यात खाली सोडतात. येशू आधी त्याची पापं क्षमा झाल्याचं सांगतो, आणि तिथे बसलेले शास्त्री मनात कुरकुर करतात, हा कोण क्षमा करणारा, याला अधिकार कोणी दिला.

मी दरवर्षी हा उतारा शिकवला आहे. माझं नेहमीचं ठरलेलं, चार मित्रांचा विश्वास, त्यांची चिकाटी, आपणही एकमेकांना उचलून आणलं पाहिजे. वन्संचं यावर एक नेहमीचं असतं. ती म्हणते, "त्या घरवाल्याचं कोणी विचारलं का? कौलं कोण बसवून देणार त्याला?" तिच्या त्या बोलण्यावर सिस्टर दोघी दरवर्षी हसतात आणि मी दरवर्षी त्यांच्याकडे बघते.

त्या सकाळी मी उतारा तीनदा वाचला आणि मला चारही मित्र दिसेनात. दिसले ते शास्त्री. बसलेले, पाय दुमडून, आरामात. समोर एक माणूस हलता येत नाही म्हणून पडला आहे, त्याला मोकळं करणारे शब्द तिथेच आहेत, आणि यांना काय पडलंय, तर अधिकार कोणाचा! मला आधी त्यांचा राग आला. मग लक्षात आलं की बाई, तू यांच्याच पंगतीत बसली आहेस.

पुन्हा पाळकसाहेबांना फोन लावला. म्हटलं, "साहेब, घरात, पाळक नसताना, एखाद्या माणसाने दुसऱ्याला क्षमेचे शब्द सांगितले तर चालतात का?"

ते म्हणाले, "बाई, मुलांना आपल्या विश्वासाची प्रश्नोत्तरी कोण शिकवतं?"

"मी."

"मग त्यात काय आहे? लाल ओळी मंडळीच्या उपासनेच्या शिस्तीसाठी. घरात, गरज पडली, तर कोणीही विश्वासणारा दुसऱ्याला येशूच्या नावाने सांगू शकतो. सांगायलाच हवं. तुम्हाला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे." मग म्हणाले, "काय अडतंय, बाई?"

मी म्हटलं, काही नाही, आणि फोन ठेवला.

काय अडत होतं ते लिहिते. इतकी वर्षं लिहिलं नाही, बोललेही नाही.

त्या बुधवारी पहाटे चारला मी पिशवी घेऊन निघाले, ते घरच्यांनी पाहिलं. पुढचं कोणी पाहिलं नाही. घाटावर जाणारी पहिली एसटी सहाची होती. ती धरली असती तर मी बुधवारी तिन्हीसांजेला आईजवळ असते. पण त्या दिवशी अकरा वाजता शाळेत साहेब तपासणीला येणार होते, आणि त्यांच्या शेऱ्यावर माझं कायम होणं अवलंबून होतं. मी रजेचा अर्ज द्यायला हेडमास्तरांच्या घरी गेले. ते भले गृहस्थ. म्हणाले, तुम्ही निघा, मी सांभाळतो. मीच म्हटलं, थांबते. माझा वर्ग तयार होता हो! पाढे, कविता, नकाशा, सगळं पोरांना तोंडपाठ. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी तो वर्ग दाखवावा हे मला सोसवेना. तपासणी झाली, साहेब खूष झाले. मी दुपारी दोनची गाडी धरली, पुढची गाडी चुकली, रात्र पुण्याच्या स्टँडवर काढली. आणि आई दाराकडे बघत होती.

एक दिवस वन्संनी खाल्ला, ते खरं. पण त्यानंतरही आई भेटली असती. ती भेट मी घालवली. आणि घरी येऊन मी ते एक वाक्य बोलले, आणि माझं सगळं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून मोकळी झाले. ती बिचारी मुकाट्याने वाहत राहिली. मी तिला क्षमा करायला उभी राहणार तर काय म्हणून उभी राहणार? हे सांगितल्याशिवाय तोंड उघडता येत नव्हतं. मला अधिकार नव्हता असं मी म्हणत होते, पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

त्या दुपारी आम्ही वाल सोलायला बसलो. रविवारी उपासनेनंतर सगळी जेवायला असतात आणि आमच्या घरी बिरडं ठरलेलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, चिमटीत धरून दाबायचा, साल हातात राहते आणि डाळिंबी निसटून पातेल्यात पडते. हे काम फार चांगलं. हात गुंतलेले असतात आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मी सांगितलं. सगळं. सहाची गाडी, हेडमास्तर, अकराची तपासणी, दोनची गाडी. मध्ये थांबले असते तर पुढे बोलले नसते, म्हणून थांबले नाही. आवाज शाळेतल्यासारखा ठणठणीत निघाला, कोणाची तरी चूक वाचून दाखवावी तसा. शेवटी म्हटलं, "तुमच्यामुळे नाही, वन्सं. माझ्यामुळे."

ती सोलत राहिली. एक, दोन, पाच, दहा डाळिंब्या. मग तिचे हात पाण्यात थांबले.

"दोनची?" ती म्हणाली.

"हो."

"मी दर बुधवारी उपास करते, तुला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. चाळीस वर्षं ती बुधवारी दुपारचं जेवत नाही. मी समजत होते प्रकृतीसाठी.

"तुझ्या आईसाठी करते," ती म्हणाली. "प्रायश्चित्त म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं, माझी मीच धरला. आणि तू समोर बसून जेवायचीस! दर बुधवारी! 'वन्सं, थोडी आमटी तरी घ्या' म्हणायचीस!" तिचा आवाज चढला, धाप लागली. मी पाणी द्यायला उठले तर तिने हाताने मला बाजूला केलं. "नको. तुझ्या हातचं नको मला आत्ता."

ती भिंत धरत धरत आपल्या खोलीत गेली. अर्धे वाल तसेच राहिले. मी ते सोलले नाहीत. एकटीने ते सोलायचा मला अधिकार नाही असं वाटलं, आणि या खेपेला खरंच वाटलं. मला रडू आलं, आईसाठी आलं की तिच्यासाठी ते कळलं नाही. संध्याकाळी तिने दार उघडलं नाही. आतून खोकला ऐकू यायचा आणि माझा जीव थाऱ्यावर नसायचा. मी तिला मोकळं करायला गेले आणि शस्त्रक्रियेच्या तोंडावर तिच्या छातीवर नवं दुखणं ठेवून बसले. तिने दार उघडलंच नाही आणि मंगळवारी काही झालं तर?

रविवारी नऊ वाजता सगळे आले. वारा इतका की मेणबत्त्या लावता येईनात, त्या तशाच ठेवल्या. वन्सं शेवटी आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. कपाळावर आठ्या, तोंड घट्ट. मी गीताचा नंबर सांगितला. गीत झालं. मग माना खाली घालून पापांगीकार म्हटला, मी पुढे, बाकीचे मागून. वहीतली पाठ झालेली वाक्यं, विचाराने, शब्दाने, कृतीने. त्या दिवशी प्रत्येक शब्द माझ्या नावाने हाक मारत होता.

मग लाल ओळ आली. मी थांबले. मनात अंक मोजायला लागले. एक, दोन, तीन.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वन्सं उभ्या राहिल्या होत्या, पुढच्या खुर्चीची पाठ धरून. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"हिने मला काल एक सांगितलं," ती म्हणाली. "काय ते आमचं आम्हाला ठाऊक. मी रात्रभर हिच्यावर रागावले होते. अजूनही आहे थोडी." सिस्टरपैकी एकीने तोंडाला रुमाल लावला. वन्सं चालत पुढे आल्या, मध्ये एकदा थांबून श्वास घेतला, आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. ओला होता, वालाचा वास होता त्याला. पहाटे उठून त्यांनी उरलेले सगळे सोलून ठेवले होते.

"प्रभू येशूच्या नावाने तुला क्षमा आहे, वहिनी," त्या म्हणाल्या. "त्याची, आणि माझीही. तुझी आईही आता दाराकडे बघत नसेल."

आमेन म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. मी रडत होते, दहा माणसांसमोर, वही हातात धरून. मग त्यांनी माझं मनगट हलवलं.

"आता माझं म्हण. मंगळवार जवळ आलाय."

मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं. मंडळीच्या उपासनेत, लाल ओळीच्या जागी, दोन्ही हात तिच्या पांढऱ्या केसांवर ठेवून. शब्द वहीतले नव्हते, माझेच होते, आणि एकदा चुकलेही. या वेळी सगळ्यांनी आमेन म्हटलं, बँकेतल्या साहेबांनी जरा मोठ्यानेच.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. महिन्याने वन्सं परत आल्या, नव्या झडपेसकट, आणि आल्या आल्या म्हणाल्या की माझी आमटी मुंबईच्या दवाखान्यापेक्षा पातळ आहे. त्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी मी दोन ताटं घेतली. वन्सं ताटाकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग बसल्या आणि जेवल्या. मी शेजारी बसून बघत होते तर म्हणाल्या, "तू पण जेव, मास्तरीण. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

पाळकसाहेब आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं आणि वही पुढे केली, म्हटलं, लाल ओळ ओलांडली, काय ते करा. त्यांनी बराच वेळ ते पान पाहिलं. मग खिशातलं पेन काढून, शांत राहावे असं लिहिलं होतं त्याच्याखाली लिहिलं, येथे शास्त्रातलं क्षमेचं एक वचन वाचावे. लाल ओळ त्यांनी तशीच ठेवली.

ते वचन आता वन्सं वाचतात. पाळक नसतात त्या प्रत्येक रविवारी. चष्मा पुसतात, बोट ठेवतात, जोडाक्षरापाशी थांबतात, पुन्हा मागून येतात. कधी कधी एका ओळीला दोन मिनिटं लागतात. मी शेजारी उभी असते. बरोबर शब्द मला पाठ असतो, जिभेवर असतो. मी थांबते. अंक मोजत नाही.